लगाम नसलेली शर्यत

वादळात सापडलेल्या कुत्र्यांना छपराखाली नेणाऱ्या तीन स्पर्धकांना अलास्कातील प्रसिद्ध इडिटरॉड शर्यतीत २०२२ साली शिक्षा झाली. त्यांनी केले ते योग्यच, हे संयोजकांनाही मान्य होते. तरीही नियम मोडला होता. श्वानक्रीडेत माणूस आणि कुत्रा यांच्यातील जिव्हाळ्याचे गोडवे नेहमीच गायले जातात. पण हा जिव्हाळा कुत्र्याला खरोखरच संरक्षण देतो का?

मार्च २०२२ मधील घटना. बेरिंग समुद्राच्या काठावरील नोम या गावाच्या दिशेने कुत्र्यांच्या स्लेजगाड्या निघाल्या होत्या. सुमारे सोळाशे किलोमीटरची वाट सरत आली होती. शेवटच्या टप्प्यात हिमवादळाने गाठले. समोरचे काही दिसेना, वाटेच्या खुणा बर्फाखाली गडप झाल्या आणि अनेक स्पर्धकांना जागीच थांबावे लागले. डेन्मार्कच्या मिले पोर्सिल्ड, कॅनडाच्या मिशेल फिलिप्स आणि अलास्काचा रायली डाइक या तिघांनी वाटेवरील आसऱ्याच्या झोपड्या गाठल्या आणि आपल्याबरोबर कुत्र्यांनाही आत घेतले. एरवी कोणीही समंजस माणूस हेच करील. पण या शर्यतीच्या नियमानुसार पशुवैद्यकाकडून तपासणी वा उपचार एवढ्याच कारणासाठी कुत्र्याला छपराखाली नेता येते. शर्यत संपल्यावर चौकशी झाली. पोर्सिल्ड चौदाव्या क्रमांकावरून सतराव्यावर गेल्या, फिलिप्स यांचा क्रमांक एकाने घसरला आणि डाइकला एक हजार डॉलरचा दंड झाला.

निर्णयामागील कारण ऐकण्यासारखे आहे. या स्पर्धकांनी कुत्र्यांच्या हिताचेच पाऊल उचलले, याविषयी शर्यतीच्या प्रमुख अधिकाऱ्यांना शंका नव्हती. परंतु उबेत झोपलेली कुत्री बाहेर बर्फात पडून राहिलेल्या कुत्र्यांपेक्षा ताजीतवानी झाली आणि त्यामुळे स्पर्धेचा समतोल ढळला, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणजे कुत्र्याची काळजी ही इथे 'गैरवाजवी लाभ' ठरली. नियमाच्या चौकटीत हा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. आणि तरीही तो ऐकून सामान्य माणसाच्या मनाला काहीतरी खटकते. ते नेमके काय, याचा शोध घेतला की श्वानक्रीडेच्या अंतरंगात दडलेला पेच समोर येतो.

इतिहासाचे ओझे

कुत्र्याला गाडीला जुंपण्याची रीत मानवाइतकी नसली तरी शेतीच्या प्रसाराइतकी जुनी आहे. सैबेरियाच्या उत्तरेकडील झोखोव्ह बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे कुत्र्यांचे अवशेष सापडले असून, आजच्या स्लेज कुत्र्यांशी त्यांचे आनुवंशिक नाते असल्याचे २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. ध्रुवीय प्रदेशात कुत्रा हा हौसेचा विषय कधीच नव्हता. शिकार, प्रवास, टपाल, औषध हे सारे त्याच्या पाठीवर चालत असे.

१९२५ च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्पाची साथ पसरली. प्रतिविष पोचवण्यास विमान उपयोगी नव्हते आणि बंदर गोठलेले होते. नेनाना येथील रेल्वेस्थानकापासून नोमपर्यंतचे सुमारे ६७४ मैलांचे अंतर वीस स्लेजचालकांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे पेटी सोपवत साडेपाच दिवसांत कापले. २ फेब्रुवारी १९२५ रोजी गुन्नार कासेन नोममध्ये पोचला, तेव्हा त्याच्या गाडीपुढे बाल्टो नावाचा कुत्रा होता. बाल्टोचे नाव जगभर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. प्रत्यक्षात सर्वाधिक अंतराचा आणि सर्वाधिक धोक्याचा टप्पा लिओनहार्ड सेप्पाला आणि त्याचा म्होरक्या कुत्रा टोगो यांनी पार केला होता.

या गौरवगाथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. सत्कार, दौरे आणि टाळ्या ओसरल्या. बाल्टो आणि त्याचे सोबती विकले गेले आणि लॉस एंजलिसमधील एका हलक्या दर्जाच्या करमणूकगृहात दुर्दशेत दिवस काढू लागले. क्लीव्हलँडचा एक व्यापारी जॉर्ज किंबल याच्या ते दृष्टीस पडले. १९२७ साली क्लीव्हलँडच्या नागरिकांनी वर्गणी गोळा करून त्यांना सोडवले आणि त्या शहराच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची नीट व्यवस्था लागली. ज्या कुत्र्याचा पुतळा एका शहरात दिमाखात उभा होता, त्याच्यासाठी दुसऱ्या शहरात वर्गणी काढावी लागली! माणूस कुत्र्यावर प्रेम करतो यात संशय नाही. पण त्या प्रेमाची मुदत कुत्र्याला आधी कळत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९६० च्या दशकात इंजिनावर चालणाऱ्या बर्फगाड्या आल्या आणि खेड्याखेड्यांतील कुत्र्यांचे तांडे ओस पडू लागले. ही परंपरा टिकावी म्हणून जो रेडिंग्टन यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये अँकरेज ते नोम अशी शर्यत सुरू झाली. तीच इडिटरॉड. उपयोग संपलेल्या नात्याला खेळाने नवे आयुष्य दिले. त्याबरोबर घड्याळ आले, बक्षीस आले, पुरस्कर्ते आले आणि पेचही आला.

हाकेवर चालणारी गाडी

घोडेस्वाराच्या हाती लगाम असतो, बैलगाडीवानाच्या हाती कासरा असतो. स्लेज हाकणाऱ्याच्या हाती यांपैकी काहीच नसते. तो गाडीच्या मागे, दोन पट्ट्यांवर उभा असतो आणि त्याच्यापुढे एका लांब दोराला जोडलेली कुत्री जोडीजोडीने धावत असतात. उजवीकडे वळण्यासाठी एक हाक, डावीकडे वळण्यासाठी दुसरी. ती हाक सर्वांत पुढच्या म्होरक्या कुत्र्याने ऐकायची आणि मानायची. त्याने मानलीच नाही तर चालकाला करता येण्याजोगे फार थोडे उरते. बर्फाखालील पातळ थर ओळखून म्होरक्या कुत्रा कधीकधी हाक मोडतो आणि त्या अवज्ञेमुळेच सगळ्यांचे प्राण वाचतात. कोणती अवज्ञा ऐकून घ्यायची आणि कोणती नाही, हे कळायला वर्षानुवर्षांचा सहवास लागतो.

हा सहवास मुक्कामाच्या ठाण्यावर पाहावा. गाडी थांबली की चालक स्वतःकडे पाहत नाही. आधी कुत्र्यांच्या पंजांवरचे कापडी मोजे काढायचे, अंगाखाली पेंढा पसरायचा, बर्फ वितळवून पाणी तापवायचे, अन्न शिजवून वाढायचे, प्रत्येक पंजा हातात घेऊन भेगा तपासायच्या, सुजलेल्या सांध्यांना मालीश करायचे. ऐन शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला दहा हजारांहून अधिक कॅलरी लागतात. म्हणजे त्याच्या कितीतरी पट वजनाच्या माणसाच्या आहाराच्या चारपट. हे सारे झाल्यावर उरलेल्या वेळात माणसाने खायचे आणि जमल्यास तासभर डोळा लावायचा. नियमानेही एक चोवीस तासांची आणि दोन आठ-आठ तासांची विश्रांती सक्तीची केली आहे. पशुवैद्यक ठाण्याठाण्यावर असतात. शर्यतीपूर्वी रक्ताची व हृदयाची तपासणी होते. थकलेला वा लंगडणारा कुत्रा ठाण्यावर सोडून पुढे जाण्याची मुभा आहे. मात्र नोमला पोचताना किमान पाच कुत्री गाडीला जुंपलेली असावी लागतात.

या नात्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सुसान बुचर. १९८६, १९८७, १९८८ आणि १९९० असे चार वेळा त्यांनी विजेतेपद मिळवले. आपल्या कुत्र्यांना पिल्लू असल्यापासून स्वतः वाढवणे, त्यांच्याशी खेळणे आणि प्रत्येकाचा स्वभाव ओळखणे हीच त्यांची प्रशिक्षणपद्धती. सुरुवातीला किरकोळ वाटलेला त्यांचा ग्रॅनाइट हा कुत्रा पुढे त्यांच्या विजयी गाड्यांचा म्होरक्या झाला. १९८५ च्या शर्यतीत मूस जातीच्या अवाढव्य हरणीने त्यांच्या कुत्र्यांवर हल्ला केला. दोन कुत्री दगावली, कित्येक जखमी झाली आणि बुचर यांनी शर्यत सोडली. पुढच्याच वर्षी त्या जिंकल्या. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले तरी अलास्कात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. माघार घेतलेल्या वर्षाने त्यांच्या कीर्तीला उणेपणा आला नाही, हे विसरता कामा नये.

विज्ञान काय सांगते?

कुत्रा आणि त्याचा स्पर्धक यांच्यातील नाते हा केवळ भावनेचा मामला आहे, असे म्हणून हा विषय आता झटकता येत नाही. जपानमधील अझाबु विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्यातील ओढ घट्ट करणारे हेच संप्रेरक.

त्याहून महत्त्वाचा आहे स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाचा २०१९ मधील अभ्यास. संशोधकांनी ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी यांचे केस तपासले. केसांत साठलेल्या कॉर्टिसोलच्या प्रमाणावरून गेल्या काही महिन्यांतील ताणाचा अंदाज घेता येतो. मालकिणीचा ताण वाढलेला असेल तर कुत्र्याचाही वाढलेला आढळला. मालकिणीच्या स्वभावाचा कुत्र्याच्या ताणाशी संबंध दिसला. कुत्र्याच्या स्वभावाचा मात्र तितकासा नाही. आणि ज्या जोड्या स्पर्धांत उतरत होत्या, त्यांच्यात हा मेळ अधिक घट्ट होता. एकत्र सराव, एकत्र प्रवास, एकत्र जय-पराजय यांतून दोन जीवांचे ताण एकमेकांत मिसळतात, असा याचा साधा अर्थ.

नाते घट्ट असणे म्हणजे ते कुत्र्याला सुखाचे असणे, असा अर्थ मात्र यातून निघत नाही. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली अ‍ॅजिलिटी या क्रीडाप्रकारातील पुरुष स्पर्धकांचा अभ्यास केला. १९७८ साली ब्रिटनमधील क्रफ्ट्स या श्वानमेळाव्यात प्रेक्षकांच्या मध्यंतरातील करमणूक म्हणून हा प्रकार पहिल्यांदा सादर झाला आणि आज तो जगभर खेळला जातो. उड्या, बोगदे, तिरक्या फळ्या आणि उभ्या काठ्यांमधून नागमोडी धाव अशा अडथळ्यांतून कुत्र्याला पळवायचे असते. गळ्यात दोरी नाही आणि धावेदरम्यान कुत्र्याला हात लावायचा नाही. इथेही लगाम नाही. हाक, हात आणि खांद्याची दिशा एवढेच साधन. हरलेल्या जोड्यांमध्ये माणसाच्या टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवरून कुत्र्याच्या कॉर्टिसोलमधील वाढीचा अंदाज बांधता येत होता, असे या अभ्यासात आढळले. ज्या पुरुषांत हे संप्रेरक अधिक, ते हरल्यावर कुत्र्यावर ओरडणे, त्याला ढकलणे असे वागत आणि त्याला थोपटत कमी. पराभव माणसाचा, पण त्याची झळ पोचते ती कशात हरलो हे ठाऊकही नसलेल्या जनावराला.

प्रेमाची दुसरी बाजू

२०२४ ची इडिटरॉड अनेक अर्थांनी बोलकी ठरली. डॅलस सीव्ही याने सहाव्यांदा विजेतेपद मिळवून विक्रम केला. वाटेत मूसने त्याच्या कुत्र्यांवर हल्ला केला, तेव्हा त्याने ते जनावर गोळी घालून मारले. नियमाप्रमाणे मारलेल्या जनावराचे पोट साफ करून मांस वाया जाऊ न देणे बंधनकारक असते. ते पुरेसे नीट न केल्याबद्दल त्याला दोन तासांचा दंड झाला. या चर्चेत एक बातमी झाकोळली गेली. त्या शर्यतीत वेगवेगळ्या स्पर्धकांची तीन कुत्री मृत्युमुखी पडली. २०१९ नंतर शर्यतीदरम्यान झालेले हे पहिले मृत्यू. २०२५ मध्ये आणखी एक कुत्री दगावली आणि ती गाभण असल्याचे नंतर उघड झाले. कुत्रा दगावल्यास, स्पर्धकाच्या हाताबाहेरचे बाह्य कारण नसेल तर त्याने शर्यत सोडावी असा नियम आहे. आरंभापासून आजवर दीडशेहून अधिक कुत्री मेली, असा प्राणिहक्क संघटनांचा दावा आहे. अलास्का एअरलाइन्स आणि एक्झॉनमोबिल यांच्यासारखे मोठे पुरस्कर्ते गेल्या काही वर्षांत या शर्यतीपासून दूर झाले, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

मृत्यू हे टोकाचे उदाहरण झाले. न दिसणारी झीज त्याहून व्यापक असते. शर्यत पूर्ण केलेल्या कुत्र्यांच्या जठराची दुर्बिणीने तपासणी केली असता सुमारे निम्म्या कुत्र्यांत व्रण वा जखमा आढळल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. त्यानंतर जठरातील आम्ल कमी करणारी औषधे देण्याची पद्धत रूढ झाली. हिमप्रदेशातील या अचाट शर्यतीचे सोडा. मैदानावरच्या अ‍ॅजिलिटीतही सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांना कधी ना कधी इजा झाल्याचे स्पर्धकांनीच दिलेल्या माहितीवरून दिसून आले आहे. ही माणसे निष्ठुर नाहीत. रात्रभर जागून कुत्र्याच्या पायाला शेक देणारीच ही मंडळी. मग असे का होते?

त्याचे उत्तर नात्याच्या स्वरूपातच आहे. कुत्रा थांबत नाही. जोडीदार पुढे जात असताना, मागून ओळखीची हाक येत असताना दुखऱ्या पायानेही तो धावतो. त्याचा हा स्वभाव हजारो वर्षांच्या निवडीतून घडला आहे. 'त्यांना धावायला आवडते, आम्ही जबरदस्ती करीत नाही', असे स्लेजचालक सांगतात, आणि गाडी जुंपताना उड्या मारणारी, भुंकून आकाश डोक्यावर घेणारी कुत्री पाहिली की ते पटतेही. पण निघण्याचा उत्साह म्हणजे नवव्या दिवशी पुढे जाण्याची संमती नव्हे. प्रवेशअर्जावर सही एकाचीच असते. नात्यातील विश्वास जितका गाढ, तितकी कुत्र्याकडून नकार येण्याची शक्यता कमी. म्हणून जो जिव्हाळा संरक्षणाची हमी म्हणून पुढे केला जातो, तोच कुत्र्याला सर्वाधिक असुरक्षित करतो.

या नात्यात पैसा शिरला की काय होते, याचे भीषण उदाहरण कॅनडातील व्हिसलर येथे घडले. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकनंतर पर्यटकांची गर्दी ओसरली आणि स्लेज-सफरीसाठी पाळलेली कुत्री जड झाली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सुमारे शंभर कुत्री मारून पुरण्यात आल्याची बातमी जानेवारी २०११ मध्ये बाहेर आली. पुढे ५६ मृतदेह उकरून काढण्यात आले. ज्याने ती सांभाळली, त्याच माणसाच्या हातून ती मारली गेली होती आणि त्या मानसिक धक्क्याबद्दल त्याने भरपाई मागितल्यामुळेच हे प्रकरण उघडकीस आले. त्याचे कुत्र्यांवर प्रेम नव्हते असे म्हणता येईल का? प्रेम होते, पण त्याला नियमाचा आधार नव्हता. या प्रकरणानंतर ब्रिटिश कोलंबिया प्रांताने स्लेज कुत्र्यांसाठी स्वतंत्र नियम केले.

कायद्याची दिशा

जगातील कायदे हळूहळू याच निष्कर्षाकडे सरकत आहेत. ग्रेहाउंड शर्यतींत माणूस आणि कुत्रा यांच्यातील नाते सर्वांत पातळ असते. कुत्रा यांत्रिक सशामागे धावतो आणि माणूस पैजेचा आकडा पाहतो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ साली या शर्यती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. कुत्र्याच्या प्रशिक्षणाच्या साधनांकडेही लक्ष गेले आहे. जर्मनी हा संरक्षक कुत्र्यांच्या क्रीडाप्रकाराचे माहेरघर. तिथे २०२२ पासून प्रशिक्षणात काटेरी पट्टा वापरण्यास मनाई झाली. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्सने २०१० मध्येच बंदी घातली होती. आपला हेतू प्रेमाचा असल्याचे या साधनांचे समर्थकही सांगत होते. कायद्याने हेतू विचारला नाही. जनावराला काय सोसावे लागते, एवढेच पाहिले.

हा युक्तिवाद महाराष्ट्राला नवा नाही. बैलगाडा शर्यतींच्या वादात पोटच्या पोराप्रमाणे बैल सांभाळल्याचे शेतकरी सांगत होते आणि त्यात खोटे काही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा भर दिला तो प्राण्याच्या वेदनेवर, मालकाच्या भावनेवर नव्हे. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू व कर्नाटक यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्यातही नव्या नियमांमुळे प्राण्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो, हा मुद्दा निर्णायक होता. म्हणजे खेळाला मान्यता मिळाली ती नियमांच्या अटीवर. बैल असो वा कुत्रा, मालकाच्या मायेची साक्ष कितीही मोलाची असली तरी ती पुरेशी मानली जात नाही, हे यातून स्पष्ट होते.

काळजी तोट्यात जाऊ नये

मग सर्व श्वानक्रीडा बंद करणे हाच उपाय आहे का? तसे म्हणणे सोपे, पण न्याय्य नाही. कामासाठी घडलेल्या जातींच्या कुत्र्याला दिवसभर सदनिकेच्या बाल्कनीत बांधून ठेवणे ही काही भूतदया नव्हे. खेळामुळे कुत्र्याला व्यायाम, शिक्षण आणि माणसाचे अखंड लक्ष मिळते. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर श्वानमेळाव्यातील अ‍ॅजिलिटी स्पर्धा निंबल नावाच्या संकरित कुत्रीने जिंकली. शुद्ध जातीचा टेंभा मिरवणाऱ्या त्या दरबारात मिश्र रक्ताच्या कुत्रीचा हा पहिलाच विजय. चांगल्या जोडीला वंशावळीची गरज नसते, हे तिने सिद्ध केले.

प्रश्न खेळाच्या रचनेचा आहे. कुत्र्याची काळजी घेणारा स्पर्धक मागे पडत असेल आणि न घेणारा पुढे जात असेल, तर चांगल्या माणसांवरही वाईट निवडीचा दाब येतो. इडिटरॉडमध्ये कुत्र्यांची सर्वोत्तम निगा राखणाऱ्याला सेप्पालाच्या नावाचा पुरस्कार पशुवैद्यकांच्या मताने दिला जातो. योजना स्तुत्य आहे, पण ती विजेतेपदाच्या बाजूला आहे, आत नाही. विश्रांतीचे सक्तीचे तास हा खरा तोडगा. ते सर्वांना सारखेच लागू असल्याने कुत्र्याला झोपू देणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. हाच न्याय वादळालाही लावता येईल. हवामान ठरावीक मर्यादेपलीकडे बिघडले की सर्वांचे घड्याळ थांबवावे आणि छप्पर सर्वांना मोकळे करावे. एखाद्या कुत्र्याला बाजूला काढण्याचा पशुवैद्यकाचा शब्द अंतिम असावा, म्हणजे निर्णयाचे ओझे जिंकण्याच्या ईर्ष्येने पेटलेल्या माणसावर राहणार नाही. लहान स्पर्धांतही उड्यांची उंची, पायाखालची जमीन आणि दिवसभरातील धावांची संख्या यांविषयी हेच म्हणता येईल.

महाभारतातील महाप्रस्थानिक पर्वाची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. सगळे सोबती वाटेत गळून पडल्यावर युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी पोचतो, तेव्हा शेवटपर्यंत मागे आलेला कुत्रा तेवढा त्याच्याबरोबर असतो. कुत्र्याला प्रवेश नाही, असा तिथला नियम इंद्र त्याला सांगतो. स्वर्गावर पाणी सोडायला युधिष्ठिर तयार होतो, पण विश्वासाने आलेल्या जीवाला सोडायला नाही. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळते. २०२२ च्या वादळात झोपडीचे दार उघडून कुत्र्यांना आत घेणाऱ्या त्या तिघांसमोर अशी कोणतीही परीक्षा मांडलेली नव्हती. नियम मोडल्यास काय होईल, हे त्यांना ठाऊक होते. बाहेर कुत्री कुडकुडत होती, हेही दिसत होते. त्यांनी दार उघडले आणि त्याची किंमत मोजली. प्रत्येक स्पर्धकाने युधिष्ठिर व्हावे, अशी अपेक्षा कोणताही खेळ ठेवू शकत नाही. पण दार उघडणाऱ्याला शिक्षा होणार नाही, एवढी तजवीज नियम करणाऱ्यांना नक्कीच करता येईल.